दोष कॅमेऱ्याचा की एलईडी वॉलचा?

तुळशीची लग्ने उरकली आणि थेरगाव, वाकड, पुनावळे, रावेत या पट्ट्यातल्या लॉन्सच्या कमानींवर पुन्हा फुले चढली. २०२५ ची ही लग्नसराई लग्नाच्या आचारसंहितांनंतरची पहिली. मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातल्या भुकूमच्या विवाहितेचा मृत्यू झाला, हुंड्याच्या आरोपांनी महाराष्ट्र ढवळून निघाला आणि अहिल्यानगरपासून पुण्यापर्यंत मराठा समाजाच्या बैठकांतून नियम आले. माणसे शे-दोनशेच बोलवा, डीजे नको, प्री-वेडिंग बंद करा, निदान ते मांडवात सगळ्यांसमोर दाखवू नका, असा त्यांचा सूर होता. हेतू चांगला आहे, वादच नाही. पण या चर्चेत सर्वांत सोपे गिऱ्हाईक ठरला तो फोटोग्राफर. सोने, गाडी, मानपान यांना हात घालायचा तर घरातल्या मोठ्यांशी वैर येते. कॅमेऱ्यावर टीका करायला कुणाचीच हरकत नसते. फोटो काढणे आणि फोटो दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपण दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतो आहोत.

ज्या प्रकरणातून हे सारे उभे राहिले, त्याकडेच पाहा. एका वरिष्ठ नेत्याच्या हस्ते गाडीची चावी दिली जातानाचे चित्र त्या दिवसांत घरोघरी पाहिले गेले. ते कुठल्या पंचनाम्यातले नव्हते, लग्नातलेच होते. डामडौलाची हौस म्हणून टिपलेले दृश्य वर्ष-दोन वर्षांनी साक्ष होऊन समोर आले. कायद्याच्या अंगाने तर लग्नाच्या फोटोचे वजन अलीकडे वाढलेच आहे. दोन वैमानिकांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले की, हिंदू विवाहाचे विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणी, खाणेपिणे आणि भेटी उकळण्याचा प्रसंग नव्हे, असेही न्यायालयाने तेव्हा सुनावले. मग विधी झाले होते हे सांगणार कोण? भटजी, नातेवाईक आणि अल्बम. आपल्याकडे विवाहनोंदणीच्या अर्जासोबत पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागतात तो शोभेसाठी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण होते. हल्ली मात्र सप्तपदी चालू असते तेव्हा पाहुणे पंगतीत असतात, आणि ‘कँडिड’वाल्याला नवरीच्या मैत्रिणींनी बाहेर फोटोला ओढून नेलेले असते.

लग्नाच्या फोटोग्राफरची कला पाहायची असेल तर ती अंतरपाटाशेजारी पाहावी. पवनेच्या काठावरचे थेरगाव ही अवघड शाळा आहे. नदीपलीकडे मोरया गोसावींचे चिंचवड, एका अंगाला हिंजवडीची आयटी, दुसरीकडे पिंपरी, भोसरी आणि चाकणचे कारखाने. सत्तर वर्षांत इथे मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सातारा-सांगली असे सगळीकडून लोक आले आणि येताना आपापली लग्ने घेऊन आले. तेव्हा इथल्या फोटोग्राफरला कुणाची हळद आदल्या रात्री आणि कुणाची लग्नाच्याच सकाळी, देवक कधी बसते, कानपिळीला नवरीचा भाऊ कुठल्या बाजूने येणार, सूनमुख कुठल्या खोलीत होणार, हे ठाऊक असावे लागते. बौद्ध विवाहात अंतरपाटच नसतो. तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील होते आणि पांढऱ्या पोशाखावर उजेड सांभाळावा लागतो. सत्यशोधक लग्नात भटजीच्या हालचालीवरून अंदाज बांधण्याची सोय नाही. ‘उत्स्फूर्त’ म्हणून विकला जाणारा क्षण प्रत्यक्षात असा अभ्यासातून येतो. शेवटचे मंगलाष्टक संपता संपता अंतरपाट खाली येतो आणि दोन चेहरे समोरासमोर येतात, ते चार-पाच सेकंदांसाठी. मग हार मध्ये येतात. दोन्ही चेहरे एकत्र मिळतात फक्त बाजूने, म्हणजे नेमके जिथे मामा आणि करवल्या उभ्या असतात तिथून. ती जागा मुहूर्ताआधीच गोड बोलून मिळवणे हे लेन्सच्या निवडीपेक्षा मोठे कसब आहे.

आणि इथेच स्टेजमागची एलईडी वॉल आडवी येते. मुहूर्त गोरज, उजेड उतरलेला. शटर मंद ठेवले तर उडत्या अक्षतांच्या पांढऱ्या रेघा होतात. वेग वाढवला तर मागच्या पडद्याच्या लुकलुकत्या दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे उमटण्याचा धोका. त्यावर दोघांचीच डोंगरावरची प्री-वेडिंग चित्रफीत चालू असेल तर नवरीच्या गालावर कधी निळा, कधी गुलाबी रंग चढतो. म्हणजे आधी काढलेल्या फोटोंनी खऱ्या लग्नाचा फोटो बिघडवायचा! त्यात ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक अशी चार जणांची फौज, वर ड्रोन, आणि हातात मोबाईल घेऊन स्टेजवर चढलेले काका-आत्या. इतक्या कॅमेऱ्यांतून अखेर मिळते काय, तर एकमेकांच्या पाठी. याच्या उलट उदाहरण पाहा. लग्नाकडे बातमीदाराच्या नजरेने पाहणाऱ्या छायाचित्रणाची चर्चा जगभर झाली ती अमेरिकन छायाचित्रकार डेनिस रेजी यांच्या एका फोटोने. सप्टेंबर १९९६ मध्ये अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनिअर यांचे लग्न जॉर्जिया राज्यातल्या एका बेटावर, लहानशा लाकडी चर्चमध्ये, सुमारे ४० माणसांत झाले. बाहेर पडताना नवऱ्याने नवरीचा हात ओठांशी नेला आणि रेजींनी तो क्षण टिपला. उजेड जेमतेम, फोटो पुन्हा घ्यायची संधी नाही. हात आखडता घ्यावा लागेल असे ते घराणे नव्हते, तरी लग्न लहान ठेवले गेले, आणि म्हणूनच छायाचित्रकाराला माणसे दिसली. आचारसंहितेतले शे-दोनशे माणसांचे कलम फोटोग्राफरच्या पोटावर पाय आणते असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्याच्या कलेला ते कलम फार मानवणारे आहे.

यावर हमखास येणारा प्रश्न असा: प्री-वेडिंग, टीझर, रील, ड्रोन यांची पॅकेजे विकतो कोण? फोटोग्राफरच ना? खरे आहे, त्याला पूर्ण सोडता येणार नाही. पण त्याचे वर्ष कसे असते तेही पाहू. चातुर्मासात ऑर्डर जवळजवळ नाहीत. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळे ऐन सुट्टीतले नेहमीचे मुहूर्तही गेले. एका मोठ्या तिथीला दहा घरांचे फोन येतात आणि माणूस एकाच मांडवात उभा राहू शकतो. प्री-वेडिंगला मुहूर्त लागत नाही. ते मधल्या वारी, आडव्या महिन्यात करता येते. धंद्याचे हे गणित समजून न घेता केलेली बंदी चोरून मोडली जाईल, इतकेच. काहींचा आक्षेप नैतिक आहे, लग्नाआधी दोघांनी असे हिंडू नये हा. तो ज्याचा त्याने ठरवावा. मात्र खर्चाच्या चर्चेत तो मिसळला की गोंधळ होतो, कारण थेरगावच्या बोट क्लबच्या हिरवळीवर तासाभरात काढलेल्या दहा फोटोंनी कुणी कर्जबाजारी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: फोटोग्राफरला स्वतःच्या इन्स्टाग्रामसाठी दिखाऊ लग्नच हवे असते. इथे कायदा घरच्यांच्या बाजूने आहे आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे रील कुठे टाकायची, हे घरच्यांनी ठरवायचे. अ‍ॅडव्हान्स देताना ज्या कागदावर सही करतो तो वाचला, तर निम्मा दिखावा तिथेच आवरता येईल.

तेव्हा आचारसंहिता लिहिणाऱ्यांनी एलईडी वॉल आणि ड्रोन खुशाल काढावेत, आणि त्या जागी एक कलम घालावे. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत वधू-वरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायला सांगितले आहे: वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, त्याचे नाते काय, आणि खाली वधू-वरांच्या सह्या. चाळीस वर्षे झाली, पण अशी यादी करणारे घर शोधावे लागेल. रुखवताचे फोटो मात्र सगळेच काढतात. त्याच फोटोग्राफरला सांगावे की रुखवताशेजारी भेटी मांडून त्यांचेही फोटो काढ, सह्या झालेल्या यादीचाही काढ, आणि एक प्रत मुलीच्या माहेरी दे. मुलाकडच्यांपैकी कोण कुरकुरते, हेही त्या निमित्ताने मुहूर्ताआधी कळेल.