सावडीने लाकूड, सावडीने घर

गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावरून आम्ही बोललो, तेव्हा एका गटातून प्रश्न आला होता. "आमच्या गावात वादळात पडलेली झाडं आहेत आणि छप्पर नसलेली एक बाई आहे. गटाने काय करावं?" आज त्यावरच बोलू. हे काम आम्ही एकदा केलं आहे. त्यात काही बरोबर केलं, काही चुकलं. दोन्ही सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. आमच्या मंडणगड-दापोली भागालाही त्याने सोडलं नाही. आंबे, काजू, माड, पोफळी आडव्या झाल्या. घरांवरची कौलं, पत्रे उडाले. कित्येक आठवडे वीज नव्हती आणि वरून करोनाची टाळेबंदी. आमच्या गटातल्या एका वयनीच्या घरावर परसातला फणस पडला. तिचं नाव इथे घेत नाही, तिनेच नको म्हटलंय. नवरा नाही, दोन मुलं शिकणारी. जांभ्या चिऱ्याच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, वरचं छप्पर गेलं. पंचनाम्यात 'अंशतः नुकसान' असं लिहिलं गेलं आणि त्या हिशेबाने आलेले पैसे ताडपत्री, धान्य आणि मुलाच्या आजारपणात संपले. घर कागदावर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, म्हणून घरकुलाच्या यादीतही ती नव्हती.

गटाच्या बैठकीत आम्ही वर्गणी काढायचं ठरवत होतो. वयनी म्हणाली, "वर्गणी नको. माझ्याच परसात फणस पडलाय. त्याचं लाकूड करायला हात द्या. तुमचे दिवस मी लिहून ठेवीन आणि लावणीला येऊन फेडीन."

तिने नवीन काही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे हे जुनंच आहे. कुठे त्याला सावड म्हणतात, कुठे पैरा, घाटावर इर्जिक. आज आम्ही तुझ्या शेतात, उद्या तू आमच्या. शेताला चालतं ते घराला का चालू नये? आम्ही वर्गणीची वही मिटली आणि दिवसांची वही उघडली.

आता काम कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम कागदाचं. झाड आपल्या परसातलं आहे, वाऱ्याने पडलं आहे, मग विचारायचं कुणाला, असं वाटतं. पण महाराष्ट्रात झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ, चिंच, आंबा आणि फणससुद्धा आहे. म्हणून लाकूड हलवण्याआधी आम्ही झाडांचे जागेवरच फोटो काढले, तलाठ्याकडून पंचनामा घेतला आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला. वाहतुकीचा पास हातात आल्यावरच टेम्पो बोलावला. रस्त्यात टेम्पो अडवला तर पास नसलेलं लाकूड जप्त होऊ शकतं, आणि ज्या बाईला मदत करायची तिलाच त्रास होतो. झाड दुसऱ्याच्या जमिनीतलं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. वयनीला शेजारच्या काकींनी आपल्या वरकस जमिनीत पडलेले दोन ऐन दिले. काकींचा तोंडी शब्द आमच्यासाठी पुरेसा होता, पण अर्जाला कागद लागतो. एका पानावर लिहून त्यांचा अंगठा घेतला.

दुसरं काम, कोणतं लाकूड कुठे वापरायचं ते ठरवणं. हे आम्हाला वाडीतल्या जुन्या सुतारकाकांनी शिकवलं. ऐन जड आणि ताकदीचा, म्हणून वासे आणि आढ्याला. फणसाचं लाकूड पिवळं, टिकाऊ, सहसा वाळवी धरत नाही. ते चौकटी आणि दारांना. आंब्याचं लाकूड मऊ. त्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. ते फळीला, मांडणीला चालेल, छपराचा भार त्यावर टाकू नये. माडाच्या खोडाचा बुंध्याकडचा बाहेरचा भाग कठीण असतो, आतला भुसभुशीत. पोफळ उभी चिरून रिपा करतात.

तिसरं काम म्हणजे यादी. आमची मोठी चूक इथेच झाली. पाऊस तोंडावर होता. फणस घरावरून उतरवायची घाई होती. मुंबईहून परतलेला एक पुतण्या कटर मशीन घेऊन आला. आम्ही म्हटलं, "बारा फुटी बुंधा आहे, उचलायला सोपे असे सारखे दोन तुकडे कर." त्याने सहा-सहा फुटांचे दोन तुकडे केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुतारकाका दुसऱ्या दिवशी आले आणि कपाळाला हात लावून बसले. दाराच्या चौकटीची उभी लाकडं सात फुटी लागतात. सात आणि पाच असे तुकडे केले असते, तर सातातून दारं निघाली असती आणि पाचातून खिडक्या. आता सहा फुटात दार कसं बसवायचं?

म्हणून मैत्रिणींनो, करवत लावण्याआधी घर कागदावर मांडा. वयनीचं घर पंधरा फूट रुंद, वीस फूट लांब, दुपाखी छपराचं. सुतारकाकांनी हिशेब करून दिला तो असा. दोन्ही बाजूंनी फूटभर छप्पर बाहेर, म्हणजे लांबी बावीस फूट. दोन-दोन फुटांवर वासा, एका पाख्याला बारा, दोन्हीकडे मिळून चोवीस वासे, प्रत्येक अकरा फुटी, दोन बाय चार इंची. त्यांचं लाकूड पावणेपंधरा घनफुटाच्या जरा आत. आढं बावीस फूट, चार बाय सहा इंची, अकरा-अकराच्या दोन तुकड्यांत, सांधा मधल्या भिंतीवर. भिंतींवर वासे टेकतात तिथल्या पट्ट्या. कौलाखालच्या रिपा एक बाय दोन इंची, सुमारे फूटभर अंतरावर. हे अंतर नुसतं टेपने ठरवू नका, आपलं कौल हातात घेऊन ठरवा. हे सगळं मिळून एकोणतीस-तीस घनफूट, चौकटी वेगळ्या. बघा, जवळजवळ सगळं अकरा फुटांत बसलं. मग बावीस फुटी ऐनाचे तुकडे कुठे करायचे ते आपोआप कळलं. अगदी मापावर मात्र कापू नका, चार बोटं जास्त ठेवा. टोकं उलतात.

चौथं, ओंडका मोजणं. हे प्रत्येक गटाने शिकून ठेवावं, म्हणजे कुणी फसवणार नाही. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर इंचात मोजा. घेराला चारने भागा. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग फुटातल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. उत्तर घनफुटात. आमचा एक ऐन घेराने ४८ इंच, लांबी २२ फूट. ४८ चा चौथा भाग १२. बारा बारा १४४. गुणिले २२, भागिले १४४. उत्तर २२ घनफूट. असे दोन, म्हणजे ४४. फणस घेराने ६० इंच, १२ फूट. तो पावणेएकोणीस. पण एवढी फळी हातात येत नाही. ओंडका गोल, वासा चौकोनी. कडेची सालपटं आणि भुसा जातो. आम्ही निम्मंच धरून चाललो आणि तो अंदाज बरोबर ठरला.

पाचवं, राखण. वीज नव्हती, मिल बंद, आणि पाऊस सुरू झालेला. ओंडके मातीवर पडू दिले नाहीत. खाली दगड ठेवून वर उचलले, टोकांना उरलेला रंग फासला आणि वरून झावळ्या घातल्या. आंबा मात्र तेवढ्यातही काळा पडून किडला. पुन्हा वेळ आली तर आंबा आधी चिरून घेऊ, ऐन-फणसाला थोडी वाट पाहता येते.

सहावं, वाहतूक आणि जीव. अकरा फुटी ऐनाचा ओला ओंडका चारशे किलोच्या वर भरतो. तो उचलायचा नसतो, लोळवायचा असतो. खाली बांबूचे गोल तुकडे, दोन्ही बाजूंना दोर आणि हुकूम देणारी एकच बाई. उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. पडलेलं झाड कापताना तर जास्तच जपा. वाकून दाबलेली फांदी सुटली की काठीसारखी अंगावर येते आणि उपटलेला बुंधा मुळांसकट पुन्हा उभा राहू शकतो. म्हणून कटर सवयीच्या माणसाच्याच हातात द्या आणि पोरंटोरं लांब ठेवा.

गणपती झाल्यावर वीज आणि मिल दोन्ही सुरू झाली. आम्ही नऊ जणी गेलो. परवान्याची मिल निवडली. मशीनवर मिलचेच कामगार. आमचं काम ओंडके पुढे सरकवायचे, चिरलेला माल यादीप्रमाणे मोजून वेगळा रचायचा आणि भुसा पोत्यात भरायचा. पदर खोचून, वर जुना शर्ट घालून, बांगड्या काढून, नाकाला फडकं बांधून गेलो. आमच्यातल्या एका आजींनी बांगड्या काढायला नकार दिला. त्यांना वही दिली, त्यांनी दिवसभर टिपणं केली. अक्षर ओळखत नव्हत्या, म्हणून वाशाला उभी रेघ आणि रिपेला आडवी. संध्याकाळी एकही आकडा चुकला नव्हता.

सातवं, वाळवणं. ओलं लाकूड लगेच चढवलं तर वाकतं. वयनीच्या पडवीत थप्पी लावली. एक थर, त्यावर आडव्या बारीक पट्ट्या, मग दुसरा थर. पट्ट्या दोन-दोन फुटांवर आणि बरोबर एकाखाली एक. वरून चिरे ठेवले. सावली हवी आणि वारा खेळता हवा. उन्हात टाकलं तर लाकूड फाटतं. एक-दोन इंची माल चार महिन्यांत कामाजोगा झाला. भिंतीत टेकणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. त्याने कातडी भाजते, हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

माघात छप्पर चढलं. वासे सुतारकाकांनी आणि दोन तरुणांनी चढवले. कौलं खालून वर आम्ही हातोहात दिली.

आता हिशेबाचं. मिलची चिराई, टेम्पो, खिळे आणि सुतारकाकांची मजुरी, यासाठी वयनीने गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. नेहमीच्याच व्याजाने. सूट द्यावी असं काहींना वाटत होतं. तीच म्हणाली, "नको, उद्या दुसरीला कुठली सूट द्याल?" आमचे दिवस वहीत आले त्रेसष्ट. भांडणही झालं. सालपटं सरपणाला कुणी न्यायची यावरून दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. आधीच ठरवलं असतं तर झालं नसतं. सालपटं आणि भुसा घरमालकिणीचा, हे आता आमच्या नियमांत लिहिलेलं आहे. ज्या बाळंतीण होत्या किंवा आजारी होत्या, त्यांनी कामकऱ्यांच्या मुलांना जेवू घातलं. तोही दिवस धरला.

वयनीने दोन पावसाळ्यांत लावणी-कापणीला येऊन त्रेसष्टच्या त्रेसष्ट दिवस फेडले. शेवटच्या दिवशी तिने वहीत आपल्या हाताने रेघ मारली. दरम्यान सासऱ्यांची संमती घेऊन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तिचं नावही लागलं. आम्हाला विचाराल तर छपराइतकंच ते काम मोठं होतं. तुमच्या गटातली घरं कुणाच्या नावावर आहेत, ते वादळाची वाट न बघता आत्ताच उतारा काढून बघा.

आणि त्या सहा फुटी फणसाचं काय झालं? पुढच्या दाराला ऐनातून सात फुटी चौकट काढली. मागच्या दाराला फणसाचीच लावली, ठेंगणी. आजही आम्ही मागून गेलो की वाकून आत जावं लागतं. वयनी चुलीपाशी बसून हसते, "वाका, वाका. तुम्हीच मापलंय."

तुमच्या गटाने असं काही काम केलं असेल तर केंद्राला कळवा. तुमचे नियम आम्हालाही हवेत. आणि करवत लावण्याआधी यादी करायला विसरू नका.