फौजदारी न्याय, दहशतवाद आणि परकीय मदत : अमेरिकन पुराणमतवादी विचारातील अंतर्गत ताण

प्रस्तावना

अमेरिकेच्या राजकारणाविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा 'रिपब्लिकन', 'उजवे' आणि 'पुराणमतवादी' हे शब्द बहुधा एकाच अर्थाने योजले जातात. त्यामुळे पुराणमतवादी म्हणजे कठोर शिक्षेचा पुरस्कर्ता, दहशतवादाविरुद्ध युद्धाचा समर्थक आणि परकीय मदतीचा विरोधक, असे एक ठोकळेबाज चित्र तयार होते. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. एड्सग्रस्तांसाठी अमेरिकेने उभारलेली सर्वांत मोठी योजना एका पुराणमतवादी राष्ट्राध्यक्षाने सुरू केली. तुरुंगांची संख्या वाढविण्याऐवजी कैद्यांच्या पुनर्वसनावर खर्च करण्याचा मार्ग टेक्सास या रिपब्लिकन वर्चस्वाच्या राज्याने दाखविला. दहशतवादाच्या संशयावरून नागरिकाला आरोपपत्राविना डांबून ठेवण्यास सर्वांत कडवा आक्षेप सर्वोच्च न्यायालयातील एका पुराणमतवादी न्यायमूर्तीने घेतला. या विसंगतींमागे कोणते वैचारिक सूत्र आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

आधुनिक पुराणमतवादाचा उगम सामान्यतः एडमंड बर्क या विचारवंताने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या टीकेत शोधला जातो. अमेरिकेत या विचाराला सुसंगत रूप दुसऱ्या महायुद्धानंतर आले. रसेल कर्क यांचा 'द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड' हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९५५ मध्ये विल्यम बकली यांनी 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले. परंपरा व धर्म यांना महत्त्व देणारे, मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणारे आणि साम्यवादाचे कडवे विरोधक असे तीन प्रवाह या चळवळीत एकत्र आले. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या विजयाने या आघाडीला सत्ता मिळाली. सोव्हिएत संघाच्या भीतीने हे प्रवाह एकत्र बांधले होते. १९९१ मध्ये तो संघ विसर्जित झाल्यानंतर त्यांच्यातील मतभेद अधिक स्पष्टपणे दिसू लागले.

या विचाराची तीन गृहीतके येथे महत्त्वाची आहेत. पहिले, मनुष्यस्वभाव अपूर्ण आहे; म्हणून कायदा, शिक्षा आणि धाक यांवाचून समाज टिकत नाही. दुसरे, कृत्याची जबाबदारी परिस्थितीवर नव्हे, तर व्यक्तीवर असते. तिसरे, सत्ता ही स्वभावतःच विस्तारणारी असते. म्हणून शासन मर्यादित असावे. यांपैकी पहिले गृहीतक बलवान शासनाची मागणी करते, तर तिसरे शासनाविषयी संशय बाळगते. पुढील तिन्ही प्रश्नांवरील वाद या दोहोंच्या ओढाताणीतून निर्माण झालेले आहेत.

फौजदारी न्याय : शिक्षेपासून सुधारणेपर्यंत

१९६० च्या दशकात अमेरिकन शहरांत गुन्हे वाढले आणि दंगली झाल्या. १९६८ च्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी 'कायदा व सुव्यवस्था' हा प्रचाराचा मुख्य मुद्दा केला. त्याला बौद्धिक आधार पुढे जेम्स विल्सन या राज्यशास्त्रज्ञाने दिला. दारिद्र्याचे निर्मूलन होईपर्यंत गुन्हेगारीवर उपाय नाही, हा युक्तिवाद त्यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात अमान्य केला. १९८२ मध्ये जॉर्ज केलिंग यांच्यासह त्यांनी 'फुटक्या खिडक्यां'चा सिद्धांत मांडला. इमारतीची एक फुटलेली खिडकी तशीच राहिली, तर इथे कोणाचे लक्ष नाही असा संदेश जातो आणि उरलेल्याही फुटतात. तद्वतच किरकोळ बेशिस्तीकडे दुर्लक्ष केल्यास गंभीर गुन्ह्यांना वाव मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

रेगन यांच्या कारकिर्दीत १९८४ च्या कायद्याने संघीय कैद्यांसाठी पॅरोलची पद्धत मोडीत काढली. १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने किमान शिक्षा निश्चित केल्या. ५ ग्रॅम क्रॅक कोकेन बाळगून त्याचा व्यापार करणाऱ्यास जी किमान ५ वर्षांची शिक्षा होती, तीच शिक्षा भुकटीच्या स्वरूपातील कोकेनसाठी ५०० ग्रॅमला होती. क्रॅकच्या प्रकरणांत शिक्षा झालेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे असल्याने १००:१ या प्रमाणावर वंशभेदाची टीका झाली. हे धोरण केवळ रिपब्लिकनांचे नव्हते. १९९४ चा व्यापक गुन्हेविरोधी कायदा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने अमलात आला. परिणामी राज्य व संघीय तुरुंगांतील कैद्यांची संख्या १९७२ मधील सुमारे २ लाखांवरून २००९ मध्ये १६ लाखांवर गेली. १९९१ नंतर हिंसक गुन्हे लक्षणीय घटले. मात्र त्याचे श्रेय तुरुंगवासाला किती द्यावे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

या धोरणाचा फेरविचार पुराणमतवाद्यांमधूनच पुढे आला, ही बाब लक्षणीय आहे. निक्सन यांचे सहकारी चार्ल्स कोल्सन यांना वॉटरगेट प्रकरणात तुरुंगवास घडला. सुटकेनंतर १९७६ मध्ये त्यांनी कैद्यांसाठी 'प्रिझन फेलोशिप' ही ख्रिस्ती संस्था स्थापन केली. धर्मश्रद्धेतून आलेल्या या विचाराला पुढे काटकसरीच्या विचाराची जोड मिळाली. २००७ मध्ये टेक्सासपुढे असा अंदाज आला, की २०१२ पर्यंत १७,००० हून अधिक कैद्यांसाठी नवी जागा लागेल आणि खर्च सुमारे २ अब्ज डॉलर होईल. विधिमंडळाने तुरुंग बांधण्याऐवजी २४ कोटी १० लाख डॉलर व्यसनमुक्ती, उपचार व देखरेखीच्या कार्यक्रमांवर खर्च करण्याचे ठरविले. २०११ मध्ये राज्याने एक तुरुंग चक्क बंद केला. २०१० मध्ये 'राइट ऑन क्राइम' हे अभियान सुरू झाले. रेगन यांचे महान्यायवादी एडविन मीझ यांनीही त्याला पाठिंबा दिला. तुरुंग हासुद्धा एक सरकारी कार्यक्रम आहे. म्हणून त्याचाही हिशेब मागितला पाहिजे, असा या भूमिकेचा आशय होता.

२०१० च्या कायद्याने कोकेनविषयक १००:१ हे प्रमाण १८:१ वर आणले. डिसेंबर २०१८ मध्ये सिनेटने ८७ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केलेल्या 'फर्स्ट स्टेप' कायद्यावर राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केली. या कायद्याने २०१० ची सवलत आधीच शिक्षा भोगत असलेल्यांनाही लागू केली. विरोधात पडलेली १२ ही मते रिपब्लिकन सदस्यांची होती. २०२० मध्ये देशातील खुनांच्या प्रमाणात जवळजवळ ३० टक्के वाढ झाली, तेव्हा सुधारणेचा उत्साह ओसरला आणि सुव्यवस्थेचा आग्रह पुन्हा बळावला.

दहशतवाद : युद्ध की गुन्हा?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत जवळजवळ ३,००० माणसे मृत्युमुखी पडली. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या प्रशासनाने या कृत्याकडे गुन्हा म्हणून न पाहता युद्ध म्हणून पाहिले. हा केवळ शब्दांचा भेद नव्हता. गुन्हा मानला तर पोलीस, पुरावा, वकील आणि न्यायाधीश यांचा मार्ग येतो. युद्ध मानले तर सैन्य, युद्धबंदी आणि गुप्तवार्ता यांचा. २६ ऑक्टोबर २००१ रोजी 'पेट्रियट' कायदा अमलात आला. सिनेटमध्ये त्याच्या विरोधात केवळ एक मत पडले. जानेवारी २००२ मध्ये ग्वांतानामो येथे बंदिस्थान सुरू झाले. धोका प्रत्यक्ष उद्भवण्यापूर्वीच लष्करी कारवाई करण्याचा सिद्धांत सप्टेंबर २००२ मध्ये अधिकृतपणे मांडला गेला आणि मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले.

नव-पुराणमतवाद्यांनी या धोरणाचे समर्थन केले. हुकूमशाही राजवटी दहशतवादाला पोसतात. म्हणून लोकशाहीचा प्रसार हाच संरक्षणाचा मार्ग, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र जे शासन आपल्या देशातील गरिबी नियोजनाने हटवू शकत नाही, ते परक्या देशात लोकशाही कशी रुजविणार, असा प्रश्न जुन्या परंपरेतील पुराणमतवाद्यांनी विचारला.

कायद्याच्या क्षेत्रात हा ताण २००४ च्या 'हमदी विरुद्ध रम्सफेल्ड' खटल्यात ठळकपणे प्रकटला. अफगाणिस्तानात पकडलेल्या एका अमेरिकन नागरिकाला शासनाने 'शत्रू लढवय्या' ठरवून आरोपपत्राविना डांबले होते. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी शासनाची बाजू पूर्णपणे उचलून धरली. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी उलट मत नोंदविले. नागरिकावर एकतर देशद्रोहाचा अथवा अन्य गुन्ह्याचा खटला भरावा किंवा काँग्रेसने राज्यघटनेनुसार बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क रीतसर स्थगित करावा. तिसरा मार्ग नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोघेही न्यायमूर्ती पुराणमतवादी म्हणून ओळखले जात. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी राहिलेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी २००५ मध्ये बंदिवानांच्या छळास मनाई करणारी दुरुस्ती मांडली. ती ९० विरुद्ध ९ मतांनी संमत झाली.

युद्ध आणि गुन्हा या दोन मार्गांचा फरक महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका प्रकरणातून समजू शकतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचे बळी गेले; त्यांत ६ अमेरिकन होते. हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडली या अमेरिकन नागरिकावर शिकागोच्या सामान्य संघीय न्यायालयात खटला चालला. त्याने गुन्हा कबूल केला आणि मोबदल्यात देहदंड व प्रत्यार्पण टाळले. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे दूरदृश्य पद्धतीने साक्ष दिली. त्याचा सहकारी तहव्वूर राणा याचे एप्रिल २०२५ मध्ये भारताकडे प्रत्यार्पण झाले. याउलट, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार म्हणून २००३ मध्ये पकडलेल्या खालिद शेख मोहम्मदचा लष्करी आयोगापुढील खटला दोन दशके उलटूनही तडीस गेला नाही. हेडलीला मिळालेल्या तडजोडीबद्दल मुंबईकरांची नाराजी स्वाभाविक आहे. तथापि, त्या मार्गाने निदान निकाल लागला आणि साक्ष नोंदली गेली, हेही नाकारता येत नाही.

परकीय मदत : दान, साधन की अपव्यय?

परकीय मदतीविषयीचा संशय पुराणमतवादात जुना आहे. १९४८ च्या मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर देण्यात आले. रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांनी ही योजना तडीस नेली, तर त्यांच्याच पक्षाचे रॉबर्ट टाफ्ट यांनी मदतीची रक्कम कमी करण्याचा आग्रह धरला. या संशयाला अर्थशास्त्रीय अधिष्ठान पीटर बाऊर यांनी दिले. मदत एका देशातील जनतेकडून दुसऱ्या देशातील जनतेकडे जात नाही, ती सरकारकडून सरकारकडे जाते. त्यामुळे गरिबांपेक्षा सत्ताधारीच बलवान होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारताच्या नियोजनाचाही त्यांनी टीकात्मक अभ्यास केला होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला भिन्नमतपत्रिका जोडणारे भारतीय अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय हे याच विचारधारेशी जवळीक असलेले होते.

तथापि, शीतयुद्धात मदत हे मित्रराष्ट्रे जोडण्याचे साधन ठरले आणि बहुतेक पुराणमतवाद्यांनी ते स्वीकारले. पुढे धार्मिक प्रवाहाने मदतीला नैतिक अधिष्ठान दिले. परकीय मदतीचे कट्टर टीकाकार सिनेटर जेसी हेल्म्स यांनी २००२ मध्ये मातेकडून बालकाला होणारा एड्सचा संसर्ग रोखण्यासाठी ५० कोटी डॉलरची मागणी केली. २००३ मध्ये बुश यांनी एड्सविरोधी 'पेपफार' योजना सुरू केली. पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलर ही तिची प्रारंभीची व्याप्ती होती. अमेरिकन शासनाच्या अंदाजानुसार या योजनेने सुमारे अडीच कोटी माणसांचे प्राण वाचविले. २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन'ने सुशासनाच्या कसोट्या पूर्ण करणाऱ्या देशांनाच मदत देण्याचे तत्त्व स्वीकारले. बाऊर यांच्या आक्षेपाला दिलेले ते एक संस्थात्मक उत्तर होते.

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी परकीय मदत ९० दिवसांसाठी स्थगित केली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी १९६१ मध्ये स्थापन झालेल्या 'यूएसएड' या संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर केले. १ जुलैपासून तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. जीवरक्षक मदतीला सूट जाहीर झाली होती, तरी अनेक देशांतील औषधवाटप विस्कळीत झाले. वस्तुतः परकीय मदतीचा वाटा संघीय अर्थसंकल्पात साधारण १ टक्का एवढाच होता. मात्र त्याच जुलै महिन्यात खर्चकपातीचे विधेयक सिनेटपुढे आले, तेव्हा रिपब्लिकन सदस्यांच्याच आग्रहाने 'पेपफार'मधील ४० कोटी डॉलरची कपात वगळण्यात आली. जुना वाद संपला नव्हता, हे त्यावरून दिसते.

तिन्ही प्रश्नांचा संगम

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्या ८ टोळ्यांना परकीय दहशतवादी संघटना घोषित केले. सप्टेंबरपासून कॅरिबियन समुद्रात अशा व्यापाराच्या संशयावरून नौकांवर लष्करी हल्ले सुरू झाले. जो प्रश्न काल फौजदारी न्यायाचा होता, तो अशा रीतीने युद्धाचा झाला. नौकेवरील मनुष्य तस्कर आहे की नाही, हे ठरविणारे न्यायालय या मार्गात उरत नाही. यावर जाहीर आक्षेप घेणाऱ्यांत रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल हे होते. शासनाच्या मर्यादेचे तत्त्व त्यांनी या संदर्भात पुन्हा पुढे आणले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की अमेरिकन पुराणमतवाद हा ठरीव मतांचा संच नसून सुव्यवस्था आणि मर्यादित शासन या दोन निष्ठांमधील अखंड वाद आहे. भीतीच्या काळात पहिली निष्ठा प्रबळ होते. खर्चाचा, चुकांचा किंवा अन्यायाचा हिशेब समोर येतो तेव्हा दुसरी जागी होते. मदतवाटप करणाऱ्या कार्यालयाविषयी जो संशय बाळगला जातो, तोच तुरुंग, बंदिस्थान आणि लष्करी कारवाई यांच्याबाबतीत लागू केला जातो काय, ही या विचाराच्या सचोटीची खरी कसोटी होय. कर्क यांच्या ग्रंथापासून आजवर या कसोटीला उतरणारे आणि न उतरणारे असे दोन्ही प्रकारचे पुराणमतवादी झाले आहेत. मुदतीआधी सुटलेला कैदी, औषध मिळालेला रुग्ण आणि आरोपपत्राविना डांबलेला बंदी यांचे भवितव्य, त्या त्या वेळी यांपैकी कोणाचा शब्द चालला, यावर ठरत आले आहे.