गोव्याच्या आरोग्य केंद्रातला बोलका उपचार

नैराश्यावर औषधाच्या गोळ्यांशिवायही उपचार होतो आणि त्याला दरवेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने हे प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून पाहिले. समुपदेशक होते साधे, शिकलेसवरलेले स्थानिक लोक. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसताना त्यांना खास प्रशिक्षण दिले गेले.

आधी रुग्णाला गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारायचे. झोप कशी लागते, कशात मन रमते का, जीव नकोसा वाटतो का? त्रास बराच असेल, तर ३० ते ४० मिनिटांच्या सहा ते आठ भेटी. मन उदास झाले की माणूस घराबाहेर पडणे, लोकांत मिसळणे सोडतो आणि त्यामुळे आणखी खचतो. म्हणून मन लागण्याची वाट न पाहता बाजाराला जाणे, बहिणीला फोन करणे अशी छोटी कामे ठरवून करायची आणि त्यानंतर कसे वाटले ते पुढच्या भेटीत बोलायचे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण समुपदेशकांच्या भेटी मिळालेल्या गटात ६४ टक्के, तर केवळ डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारावर असलेल्या गटात ३९ टक्के होते. मला त्याहून मोलाची वाटते ती समुपदेशकांची शिस्त: भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून ते एकमेकांच्या कामाला गुण देत.

मन खचले असेल, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा मोफत क्रमांक: १४४१६.