वाचलं, ते कळलं का?

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणीचा भाग घेऊन जालना जिल्हा झाला. तेव्हा विचारणा असायची ती एवढीच : गावात शाळा आहे का, पोरी येतात का? पट भरत गेला, तसं दुसरं दुखणं दिसू लागलं. पाचवीतलं लेकरू धडा घडाघडा वाचतं. काय वाचलंस विचारलं, की गप्प.

२००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ पाहणी घरोघर होऊ लागली. मूल अक्षर वाचतं, शब्द, परिच्छेद की दुसरीच्या पातळीची गोष्ट, हे ती पाहते. देशाच्या ग्रामीण भागात ही गोष्ट वाचणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. कोरोनात शाळा बंद राहिल्या. २०२२ मध्ये आकडा २०.५ वर घसरला आणि २०२४ मध्ये २७.१ वर आला. दरम्यान २०१५ मध्ये राज्याचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आणि २०२१ मध्ये केंद्राचा ‘निपुण भारत’ हे कार्यक्रम आले. ‘असर’च्या मोजणीने झोपलेल्यांना जागं केलं, हे मान्यच. पण भर राहिला तो मोठ्याने वाचण्यावर.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्येच मांडलं होतं, की आकलन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषेची समज. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. आपण एकाच बाजूवर राबलो. बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोली बोलतं. धड्यातली अक्षरं त्याला येतात, शब्द परके असतात. उचल घेतलेल्या घरातलं लेकरू दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला जातं आणि त्याचं वर्गातलं ऐकणं-बोलणंच तुटतं. हंगामी वसतिगृहांमुळे अशी काही लेकरं गावात राहिली, हे चांगलं झालं.

आणि आपले प्रश्न! ‘बागेतली फळं गळाली. बाबांनी टँकर सांगितला.’ यावर आपण विचारतो, ‘बाबांनी काय सांगितलं?’ मूल ‘सांगितला’ शोधतं, मागचा शब्द उतरवतं, पूर्ण गुण घेतं. त्याऐवजी ‘त्या वर्षी पाऊस कसा होता? कशावरून?’ असं विचारून पाहा. ‘पाऊस’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. २०१२ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तिथल्या लेकरांना याचं उत्तर घरातूनच मिळतं. ओळींमधलं न लिहिलेलं ओळखायला तीच माहिती कामी येते. तांड्यावरच्या मुलाने हे उत्तर आधी गोरमाटीत दिलं तरी घ्यावं. त्याला समजलंय हे तिथेच कळतं. मराठीत कसं लिहायचं, ते त्यानंतर शिकवता येतं.