डायोडची उलटी वाट

एडवणच्या माणसाला मुंबई गाठायची तर आधी सफाळे स्टेशन. इथल्या तारांत पहिल्यापासून 25 हजार व्होल्टची एसी वीज. विरारपासून मुंबईकडे मात्र 1500 व्होल्टची डीसी होती. फेब्रुवारी 2012 पर्यंत तिथेही एसी आली आणि 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली.

2007 पासून आलेल्या नव्या लोकलमध्ये तारेतल्या विजेपासून मोटरला लागेल तशी वीज कन्व्हर्टर घडवतो. त्यात आयजीबीटी नावाचे स्विच सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. प्रत्येकाला जोडून असतो एक डायोड. खरी गोम इथेच आहे.

डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, असं शाळेत शिकवतात. ते पूर्ण खरं नाही. सरळ प्रवाह चालू असताना त्याच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) यांची दाटी होते. दाब उलटला तरी ती लगेच ओसरत नाही आणि ती ओसरेपर्यंत डायोड उलटाही वाहतो. खाजणातल्या बांधाच्या उघाडीचंही तसंच: भरती लागली की झडप मिटते, पण मिटेपर्यंत थोडं खारं पाणी आत शिरतंच. डायोडच्या या अवस्थेला रिव्हर्स रिकव्हरी म्हणतात.

घरच्या 50 हर्ट्झ विजेचं एक आवर्तन 20 हजार मायक्रोसेकंदांचं. त्यात साध्या 1एन4007 डायोडचे काही मायक्रोसेकंद कुणाच्या खिजगणतीत नसतात. पण मोबाइल चार्जर 100 किलोहर्ट्झवर चालत असेल, तर त्याचं आवर्तनच 10 मायक्रोसेकंदांचं! दुरुस्तीत तिथे 1एन4007 बसवला तर तो तापतो आणि जळतो. यूएफ4007 दिसायला अगदी तसाच, काळा, चंदेरी पट्ट्याचा. पण तो 75 नॅनोसेकंदांत सावरतो.

लोकलमध्ये प्रवाह शेकडो अँपिअरचे. आयजीबीटी चालू होतो तेव्हा समोरच्या डायोडचा उलटा प्रवाहही त्याच्याच अंगावर येतो, आणि उष्णता वाढते. तो प्रवाह एकदम तुटला तर तारांमधल्या इंडक्टन्समुळे व्होल्टेज उसळतं. म्हणून नुसता वेगवान नव्हे, हळुवार मिटणारा डायोड हवा. त्यासाठी सिलिकॉनमध्ये प्लॅटिनम मुरवतात किंवा त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. बदल्यात सरळ वाहतानाचा व्होल्टेज-ऱ्हास वाढतो.

सिलिकॉन कार्बाइडच्या शॉटकी डायोडात ही दाटी जवळपास होतच नाही. 2012 मध्येच टोकियोच्या गिन्झा मेट्रो मार्गावर असे डायोड असलेल्या इन्व्हर्टरची गाडी धावू लागली. त्यातले आयजीबीटी सिलिकॉनचेच होते.