यादीत वर काय टाकायचं?

समजा, गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळच्या एका फ्लॅटमध्ये रात्रीचा एक वाजलाय. नुकतीच इंटर्नशिप संपवलेली मुलगी लॅपटॉपवर पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाचं चॉइस फिलिंग करत बसलीय. तिला घाटी रुग्णालयातलं मेडिसिन हवंय, पण रँक बेताचा आहे. एका सीनियरने बजावलंय, ‘मिळण्यासारखं नाही ते वर टाकू नकोस, संधी वाया जाते.’ सल्ला शहाणपणाचा वाटतो. तो साफ चुकीचा आहे, आणि हे गणिताने सिद्ध करता येतं.

मुळात आपल्याकडे रेसिडेंट निवडतं कोण? घाटीतले, म्हणजे 1956 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले विभागप्रमुख नव्हेत. मुलाखत नाही, शिफारस नाही. नीट-पीजीचे 200 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा, आणि शेवटी एक रँक. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलमार्फत. नवा रेसिडेंट कोण, हे युनिटला तो कागदपत्रं घेऊन दारात उभा राहिला की कळतं!

आता या जागा वाटणाऱ्या यंत्राच्या पोटात डोकावू. आरक्षणाचे प्रवर्ग क्षणभर बाजूला ठेवा. यंत्र एक नंबरपासून एकेकाला हाक मारतं आणि एवढंच बघतं: उरलेल्या जागांपैकी तुझ्या यादीत सर्वांत वर कोणती? ती तुझी. मग पुढचा. आपल्या मुलीची पाळी आली तेव्हा घाटीचं मेडिसिन संपलेलं असेल, तर यंत्र तिच्या दुसऱ्या ओळीवर उतरेल. तिच्या खालच्या रँकच्या कुणी ती दुसरी जागा स्वतःच्या यादीत पहिली टाकली असली, तरी त्याची पाळी अजून आलेलीच नसते. म्हणजे स्वप्न वर ठेवल्याने काहीच जात नाही.

अमेरिकेत मात्र रुग्णालयंही मुलाखती घेऊन आपली यादी देतात. दोन्हीकडच्या आवडीनिवडी जुळवायच्या, म्हणजे वधूवर सूचक मंडळच! 1940च्या दशकात तिथे अनागोंदी होती. पदवीला दोन दोन वर्षं असतानाच जागा देऊ केल्या जायच्या, पुढे तर होकार-नकाराला तासांची मुदत. वैतागून 1952मध्ये डॉक्टर मंडळींनी यादी जुळवायची पद्धत बसवली. दहा वर्षांनी, 1962मध्ये, डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या गणितज्ञांनी विवाह जुळवण्याचं कोडं सोडवलं: स्थळ मागणी घालतं, समोरचा तात्पुरता होकार देतो, अधिक चांगलं आलं की आधीचं सोडतो, सोडलेला पुढच्या दारी जातो. सगळे थांबले की अशी एकही जोडी उरत नाही, जिला आपापली जागा सोडून एकमेकांकडे पळावंसं वाटेल.

आणि 1984मध्ये ॲल्विन रॉथ यांनी दाखवून दिलं की डॉक्टरांनी कागदावर बसवलेली पद्धत मूलतः हीच होती. सिद्धान्त मागून आला, व्यवहार आधी! फक्त तिथे मागणी रुग्णालयं घालत असल्यासारखा हिशेब होता, त्यामुळे झुकतं माप त्यांना मिळे. 1998पासून बाजू उलटली, मागणी उमेदवार घालू लागले. तेव्हापासून तिथल्या उमेदवारालाही आवडीचा क्रम खोटा लिहून फायदा होत नाही. जोडप्यांना एकाच गावात जागा हवी असते, तेव्हा गणित अडखळतं, ते सोडा. 2012चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शेपली यांना मिळालं. गेल 2008मध्येच गेले होते.

आपल्याकडच्या पद्धतीत एक खोच मात्र आहे. फेऱ्या अनेक असतात, आणि पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारली तर अनामत रक्कम जाते, कधी बाहेरच पडता येत नाही. तेव्हा यादी लॉक करण्याआधी वरची ओळ नको, खालच्या ओळी पुन्हा वाचा. जिथे रुजू व्हायचंच नाही, ती जागा आत्ताच काढून टाका.