जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचे हेड : थोडक्या खर्चात मजबुती

मलकापूरहून कापडाचे गठ्ठे घेऊन येणारी आमची अ‍ॅम्बॅसेडर राजूर घाटात दम सोडू लागली. नवे हेड घ्या, असा सल्ला मिळाला; पण तेवढ्या रकमेत आमचा ईदचा माल भरला असता.

दोष समजून घेतला पाहिजे. हे १४८९ सीसीचे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला सांभाळत असे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि बिडाच्या हेडातील सीटा झिजून व्हॉल्व्ह आत बसू लागले. टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी होणे ही त्याची खूण.

पहिल्या लेथवाल्याने फेसिंगमध्ये हेड जास्त उतरवले. कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकू लागले, आमचे दोन बाजार बुडाले. मग भंगारातून दुसरे हेड आणले. मिस्त्रीभाईंनी चारही एक्झॉस्ट सीटांच्या जागी कडक धातूच्या रिंगा ठोकल्या, गाईड बदलले, व्हॉल्व्ह घासून बसवले, फेसिंग जेमतेम साफ होण्यापुरतेच केले.

नट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळावेत. पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा तपासावेत. अल्लाहच्या मेहरबानीने घाट आता भरल्या गाडीने चढतो.